नववीचा धाराविद्युत धडा फेट सिम्युलेशनवर: एक प्रोजेक्टर, ५२ मुलं, नेट बेभरवशाचं

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. नववीच्या ‘धाराविद्युत’ धड्यासाठी फेटचं परिपथ जोडणीचं सिम्युलेशन वापरायचं आहे. फेट म्हणजे संगणकावर करायच्या आभासी प्रयोगांचा (सिम्युलेशनचा) कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प, कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. परिस्थिती अशी: वर्गात ५२ मुलं, एक प्रोजेक्टर, विंडोज १० चा एक लॅपटॉप. संगणक कक्षात विंडोज ७ ची नऊ मशीन चालू आहेत. नेट असून नसल्यासारखं. प्रयोगशाळेत दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचे बल्ब, चार मल्टीमीटर आणि रोधकांची (रेझिस्टरची) एक पिशवी आहे.

नुसतं पडद्यावर जोडून दाखवलं की मुलं पिक्चर बघितल्यासारखी बघतात. बल्ब पेटला की खूश, आणि एकसर (एकाच वाटेत एकापुढे एक) व समांतर (वेगवेगळ्या फांद्यांत) जोडणीच्या प्रश्नात पुन्हा तेच गोंधळ. म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ३५ मिनिटांच्या तासात नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने घ्यावं? नेटशिवाय नीट चालवता येतं का? आणि खरं प्रात्यक्षिक आधी घ्यावं की सिम (म्हणजे सिम्युलेशन) आधी?

परिपथ

मॅडम, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. सिम चालवण्याआधी मुलांकडून अंदाज घेतला नाही तर सिमचा उपयोग शून्य. अंदाज मनातल्या मनात नको. वहीत लिहायचा आणि मग बोटांनी दाखवायचा: एक बोट म्हणजे वाढेल, दोन म्हणजे तेवढंच राहील, तीन म्हणजे कमी होईल. हात छातीशी धरायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याची बोटं मोजून कोणी आपली बदलणार नाही. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद, पुन्हा बोटं, आणि त्यानंतरच पडदा.

त्यासाठी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं फ्रीझचं बटण शोधून ठेवा. जुना परिपथ पडद्यावर गोठवायचा, लॅपटॉपवर पुढचा जोडून ठेवायचा आणि मतं झाली की सोडायचा. तुम्ही तारा ओढत असताना वर्ग रिकामा बसला की पकड सुटते.

सिममध्ये बॅटरी मुळात ९ व्होल्टची आणि बल्ब व रोधक १० ओहमचे येतात. आकडे सोपे पडतात, बदलू नका. क्रम असा ठेवा.

एक बॅटरी, एक बल्ब. प्रश्न: बल्बच्या आधीच्या तारेत धारा जास्त, नंतरच्या तारेत जास्त, की सारखी? ‘बल्ब थोडी धारा खातो’ असं मानणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. तारेवर नुसता टेकवायचा अ‍ॅमीटर दोन्हीकडे धरा, दोन्हीकडे ०.९० अँपिअर.

त्याच वाटेत दुसरा बल्ब एकसर जोडा. पहिला उजळ आणि दुसरा मंद, असं म्हणणारे भरपूर असतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखे, ०.४५. इथे लगेच पुढे जाऊ नका. दुसऱ्या बल्बच्या जागी रोधक ठेवा, त्याचा रोध २० ओहम करा, धारा ०.३० होते. आता रोधक बल्बच्या ‘आधी’ होता तो ‘नंतर’ नेऊन ठेवा आणि त्याआधी पुन्हा मत घ्या. धारा परिपथात रांगेने एकेकाला भेटत जाते ही समजूत याच प्रश्नावर उघडी पडते. गणितं सोडवून घेतल्याने ती हलत नाही.

मग समांतर. एक बल्ब पेटलेला आहे, त्याला समांतर दुसरा जोडला तर पहिल्याचं काय होईल? ‘वाटणी झाली, म्हणजे मंद होईल’ हे उत्तर ठरलेलं. पहिला तसाच राहतो, प्रत्येक फांदीत ०.९० आणि मुख्य तारेत १.८०. तिसरा जोडला की २.७०. बॅटरी ठरावीक धारा देत नाही, ठरावीक विभवांतर (व्होल्टेज) देते, हे मुलांनी आपणहून म्हणेपर्यंत थांबा. शेवटी एक फांदी १० आणि दुसरी ३० ओहमची करा: ०.९०, ०.३० आणि एकूण १.२०. नऊ भागिले १.२ म्हणजे परिणामी रोध ७.५ ओहम, दोन्हींपेक्षा कमी. समांतरचं सूत्र यानंतर फळ्यावर लिहिलं तर त्याला काही अर्थ असतो.

३५ मिनिटांत यातले तीनच प्रश्न नीट होतात. चौथा घुसवलात तर चर्चा कापली जाते आणि मुलं तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखायला लागतात.

विभवांतराचा वेगळा तास घ्या. त्यातला माझा आवडता प्रश्न: कळ उघडी आहे, बल्ब विझलेला आहे, कळीच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावला तर किती दाखवेल? जवळजवळ सगळा वर्ग शून्य म्हणतो. दाखवतो ९.०० व्होल्ट. कळ बंद केली की शून्य. विझलेल्या बल्बला लावला तर काय, हे त्यांना शोधू द्या.

वायरमन

नेटबद्दल. फेटची एचटीएमएलमधली सिम एकेका फाइलमध्ये मिळतात. सिमच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं, आणि भाषांतरांच्या यादीतून मराठी आवृत्तीही उतरवता येते. फाइल काही एमबीची असते. पेन ड्राइव्हवर घ्या, डबल क्लिक करा, झालं. जुन्या जावा आणि फ्लॅशवाल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला, आणि शाळांच्या जुन्या सीडींमध्ये अजून त्याच फाइल सापडतात.

एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत गोंधळ होतो. साध्या आवृत्तीत दोन पडदे आहेत आणि तारेवर टेकवायचा अ‍ॅमीटर आहे. ‘व्हर्च्युअल लॅब’ आवृत्तीत तो नाही. तिथे परिपथ तोडून अ‍ॅमीटर एकसर जोडावाच लागतो, म्हणजे खऱ्या टेबलावर करावं लागतं तसंच. प्रोजेक्टरवर साधी आवृत्ती आणि मुलांच्या हातात व्हर्च्युअल लॅब, अशी विभागणी बरी पडते.

संगणक कक्षातली विंडोज ७ ची मशीन: तिथे फाइल बऱ्याचदा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडते आणि पांढरा पडदा दिसतो. फाइल खराब नसते. उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून क्रोम किंवा फायरफॉक्स निवडा. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आणि फायरफॉक्सची ११५, दीर्घ आधार मालिकेतली. ती आधी टाकून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर फाइल एकदा उघडून बघा. तासाला बसल्यावर हे करायला गेलात तर तास संपला.

पालकांचे किंवा शिक्षकांचे काही फोन वापरायचे असतील तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अँड्रॉइडवर उघडताना क्रोम निवडायचं. फोनमधला स्वतःचा ‘एचटीएमएल व्ह्यूअर’ निवडला तर सिम अडखळतं किंवा उघडतच नाही. आयफोनवर फाइल्स अ‍ॅप नुसती झलक दाखवतं, सिम चालत नाही.

तिथे दुसरा मार्ग म्हणजे लॅपटॉपलाच छोटा सर्व्हर करायचं. नेट नसलेला साधा वायफाय राउटर घ्या आणि लॅपटॉप व फोन त्याला जोडा. सिमच्या फोल्डरमध्ये पायथन या संगणकीय भाषेसोबत येणारा तयार वेब सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू करा आणि फोनवर लॅपटॉपचा आयपी पत्ता टाका. विंडोजचा स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट या कामाला नको. तो आठच उपकरणं घेतो, आणि मूळ नेट नसेल तर बऱ्याचदा सुरूच होत नाही. अडतं ते तीन ठिकाणी. विंडोजची फायरवॉल पायथनला अडवते, तिथे खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्या. फोन ‘या वायफायला इंटरनेट नाही’ म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर जातो, त्यामुळे डेटा बंद ठेवा. आणि पत्ता एचटीटीपीनेच टाकायचा, एस जोडला की उघडणार नाही.

प्रोजेक्टरवर आकडे बारीक दिसले तर ब्राउझरचं झूम वाढवून फरक पडत नाही, सिम स्वतःला खिडकीच्या मापात बसवतं. एफ ११ दाबून पूर्ण पडदा करा आणि सिमच्या आतलं झूमचं बटण वापरा. उजव्या कोपऱ्यातलं केशरी बटण मात्र जपून. त्याने सगळा परिपथ पुसला जातो आणि मागे घ्यायची सोय नाही.

कोरडा_घट

वर सगळं ठीक आहे, पण सिम तीन गोष्टी लपवतं. त्या सांगितल्या नाहीत तर खऱ्या टेबलावर आल्यावर मुलं म्हणतात, ‘आमचा प्रयोग चुकला.’

बॅटरीचा अंतर्गत रोध सिममध्ये मुळात शून्य असतो. म्हणून परिपथ यांचा ‘समांतर जोडला तरी पहिला बल्ब तसाच’ हा प्रश्न पडद्यावर चोख बसतो. पण वापरून दमलेल्या सेलवर दोन टॉर्च बल्ब समांतर लावा, पहिला डोळ्यांना दिसेल इतका मंद होतो. यावर इलाज सिममध्येच आहे. लॅब पडद्यावर प्रगत पर्यायांत बॅटरीचा रोध वाढवता येतो. तो २ ओहम करा. एका बल्बला ०.७५ अँपिअर मिळते. दुसरा समांतर जोडला की बाहेरचा रोध ५ ओहम, एकूण धारा ९ भागिले ७, म्हणजे १.२९, आणि प्रत्येक बल्बला ०.६४. बॅटरीच्या टोकांवरचं विभवांतर ७.५० वरून ६.४३ व्होल्टवर येतं. घरात पंप सुरू झाला की दिवे का मंदावतात, याचं उत्तर याच हिशेबात आहे. फक्त तिथे रोध तारांचा.

दुसरी गोष्ट, सिममधला नेहमीचा बल्ब ओहमचा नियम पाळतो. खरा टॉर्च बल्ब पाळत नाही. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेल्या बल्बचा पेटल्यावरचा रोध ८ ओहमच्या वर निघतो, आणि थंड असताना मल्टीमीटरवर मोजला तर एक-दीड ओहमच्या आसपास. टंगस्टनची तार तापली की रोध कित्येक पट वाढतो. म्हणून ओहमच्या नियमाचा आलेख टॉर्च बल्बवर काढायला देऊ नका. सरळ रेषा येणार नाही, आणि मुलं आकडे ओढूनताणून सरळ करतील. नायक्रोमची तार किंवा रोधक द्या.

तिसरी गोष्ट निळ्या गोळ्यांची. सिममध्ये इलेक्ट्रॉन तुरुतुरु पळताना दिसतात. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जात असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटरच सरकतात. एक मीटरला पावणेचार तास. मग बटण दाबल्या दाबल्या दिवा कसा लागतो? तार आधीपासून मुक्त इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते आणि कळ बंद केल्यावर ते सगळीकडे जवळजवळ एकदम सरकायला लागतात. सिममध्ये बॅटरीला न जोडलेली सुटी तार ठेवून दाखवा, गोळ्या तिच्यातही आहेत. इलेक्ट्रॉन बॅटरीतून निघतात ही समजूत तिथल्या तिथे खोडता येते.

आणि एक धोक्याची सूचना. मुलं सिममधलं जसंच्या तसं टेबलावर जोडायला जातात: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि पिशवीतला १० ओहमचा रोधक. पडद्यावर ०.९० अँपिअर दिसतं, पण शक्ती होते ८.१ वॅट. पिशवीतले रोधक बहुधा पाव वॅटचे असतात. वास येतो, रंग करपतो, बोट भाजतं, आणि ती बॅटरीही इतकी धारा फार वेळ देऊ शकत नाही. पाव वॅटचा रोधक वापरायचा तर १०० ओहमचा घ्या आणि दोन सेल, म्हणजे ३ व्होल्ट: ३० मिलीअँपिअर, ०.०९ वॅट. चार सेल लावलेत तर ०.३६ वॅट होते, तेव्हा २२० ओहमचा घ्या. १० ओहमच हवा असेल तर ५ वॅटचा पांढरा सिरॅमिक रोधक मागा.

प्रयोगवही

रोधकांचं बरं झालं सांगितलंत. पिशवीत सगळे बारीक, पाव वॅटचेच दिसतात. मल्टीमीटरच्या बाबतीत काही? आणि नऊ मशीनवर ५२ मुलं कशी बसवायची? एका मशीनला सहा जण म्हणजे चौघं नुसती बघणार.

कोरडा_घट

मल्टीमीटर: टॉर्च बल्ब ०.३ अँपिअर घेतो आणि साध्या मीटरची मिलीअँपिअरची मर्यादा २०० असते. त्या सॉकेटला बल्ब लावला की आतला फ्यूज उडायची भीती. उडाल्यावर मीटर व्होल्ट अगदी बरोबर दाखवतो, धारा मात्र शून्य, आणि बल्बही विझतो. मुलं अर्धा तास तारा तपासत बसतात. बल्बसाठी लाल तार १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि काम झाल्यावर तिथून काढून व्होल्टच्या सॉकेटमध्ये. ती तशीच राहिली आणि कोणी मीटर सेलच्या दोन टोकांना लावला तर थेट शॉर्ट. हे आधी सिमवर करून दाखवा, अ‍ॅमीटर बॅटरीच्या दोन टोकांना जोडला की ज्वाळा उठतात. ते दृश्य मुलांच्या लक्षात राहतं आणि तुमचे चार मीटर वाचतात.

परिपथ

बसवण्याचं: एका मशीनला तीनच. नऊ त्रिक सत्तावीस, उरलेली पंचवीस प्रयोगशाळेत खऱ्या सेल-बल्बवर, पुढच्या तासाला अदलाबदल. दुसऱ्या खोलीत एक सहकारी किंवा प्रयोगशाळा परिचर लागेल. माऊस दर आव्हानाला पुढच्याकडे जायला हवा. ज्याच्या हातात माऊस त्याने बोलायचं नाही, बाकी दोघांनी सांगायचं आणि त्याने जोडायचं. ही अट लावली की तिघंही कामात राहतात.

पहिली पाच मिनिटं मोकळी सोडा, काही सूचना नकोत. जोड कात्रीने तोडणं, तार कचरापेटीत टाकणं हे त्यांना आपल्या आधी सापडतं. मग ‘पायरी १: बॅटरी घ्या, पायरी २: तार जोडा’ अशी पत्रिका देऊ नका. मुलं पायऱ्या उरकतात, डोकं बंद. आव्हान द्या. मी सुचवेन ते असं:

एक बॅटरी, तीन बल्ब. दोन बल्ब सारखे उजळ हवेत आणि तिसरा त्यांच्यापेक्षा जास्त उजळ. बल्बचा रोध बदलायचा नाही.

तिघंही एकसर, मग तिघंही समांतर, असं करत करत दहाएक मिनिटांत बहुतेक गट पोचतात: दोघांची समांतर जोडी आणि तिच्याशी तिसरा एकसर. एकूण रोध १५ ओहम, एकट्याला ०.६०, जोडीतल्या प्रत्येकाला ०.३०. काही जण एक बल्ब एकटा समांतर आणि उरलेले दोन एकमेकांशी एकसर असं करतात. तेही बरोबर, तिथे ०.९० आणि ०.४५. दोन्ही उत्तरं फळ्यावर आणा.

खरी मजा पुढे आहे. पहिल्या जोडणीतल्या जोडीपैकी एक बल्ब काढला तर उरलेल्या दोघांचं काय होईल? अंदाज लिहून घ्या. उत्तर: दोघंही ०.४५ वर येतात. म्हणजे जोडीतला उरलेला वाढतो आणि एकटा होता तो मंदावतो. ‘एक कमी झाला, म्हणजे बाकीच्यांना जास्त मिळणार’ असं म्हणणारा अर्धा बरोबर ठरतो आणि अर्धा चुकतो. या एका प्रश्नावर वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या. दहावीतलीही बरीच मुलं इथे अडकतात.

वायरमन

आधी सिम की आधी खरं, हे राहिलंच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलोराडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दोन गटांपैकी एकाने परिपथ सिमवर केले, दुसऱ्याने खऱ्या साहित्यावर. नंतर खरा परिपथ जोडून तो समजावून सांगायच्या कामात सिमवाला गट पुढे निघाला. सिममध्ये सैल तारा आणि मेलेले सेल नसतात, त्यामुळे लक्ष विषयावर राहतं. म्हणून माझं मत, सिम आधी.

कोरडा_घट

तो अभ्यास सिम बनवणाऱ्यांच्याच विद्यापीठातला आहे आणि मुलं कॉलेजची. त्यांनी सेल, तार, होल्डर आधी कधीतरी हाताळलेले. आपल्या नववीतल्या कितीतरी मुलांनी बल्बला दोन टोकं असतात हेच हाताने पाहिलेलं नसतं. सिममध्ये तार बल्बला नेमकी कुठे चिकटवायची ते सिमच ठरवून देतं. म्हणून पंधरा मिनिटं का होईना, आधी एक सेल, एक तार आणि होल्डरशिवाय एक बल्ब हातात द्या आणि ‘पेटवून दाखवा’ म्हणा. टोकाचा ठिपका आणि बाजूचा आटा ही दोन वेगवेगळी टोकं आहेत हे त्यातून कळतं. मग सिम, आणि त्यानंतर मोजमापांसह खरं प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक वहीत सिमचे आकडे उतरवायला परवानगी देऊ नका. तिथे ०.४५ ऐवजी ०.४१ आलं पाहिजे आणि ते का आलं हे लिहिलं पाहिजे.

वायरमन

पेटवून दाखवायच्या पंधरा मिनिटांना हरकत नाही. फक्त सेल नवे द्या आणि तार टोकाला दोन सेंटिमीटर सोलून ठेवा. नाहीतर मुलं प्लास्टिकवरूनच टेकवत बसतात. शॉर्ट झाली तर सेल आणि तार गरम होतात. ‘गरम लागलं की सोडा’ एवढी एकच सूचना आधी द्या.

प्रयोगवही

ठरलं तर. पहिल्या तासाला सेल-बल्ब आणि बोटांचे दोन प्रश्न, दुसऱ्या-तिसऱ्याला अर्धा-अर्धा वर्ग, चौथ्याला विभवांतर आणि उघड्या कळीचा प्रश्न. शनिवारी शाळा सुटल्यावर नऊही मशीनवर फायरफॉक्स टाकून फाइल उघडून बघते. एक शंका: मराठी आवृत्तीतले शब्द पुस्तकाशी जुळतात का?

परिपथ

सगळे जुळतीलच असं धरून चालू नका. आधी एकदा सगळे पर्याय उघडून बघा. फरक दिसला तर पुस्तकातला शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. परिपथाच्या आकृत्यांसाठी मात्र सिममधला चिन्हांचा पर्याय वापरा. चित्रातला परिपथ एका क्लिकवर चिन्हांच्या आकृतीत बदलतो. तो बदलण्याआधी मुलांना वहीत आकृती काढायला सांगा, मग पडद्यावरच्या आकृतीशी ताडून बघू द्या. समांतर फांद्या काढताना जोडबिंदू चुकतात ते तिथेच पकडले जातात.